एकशे पंचविसाच्या आत

नवऱ्याला सांगितलं नाही. लेकीला नाही. इतकी वर्षं भद्रावतीच्या शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातल्या एकाही वर्गाला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघंही आता नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर घाई करू नका. मला माझा स्वभाव माहीत आहे — आधी चार गमती सांगेन, मग मुद्द्यावर येईन.

आणि गमती पुष्कळ आहेत हो. कारण ही गोष्ट माझ्या मामीची आहे, आणि मामी जिथे असायची तिथे तोंड पाडून बसायची कुणाची टाप नव्हती.

मामा नागभीडला रेल्वेत गँगमन होते. तेव्हा छोटी लाईन होती, खेळण्यातल्यासारखी गाडी. सायकलवाला तिच्याशी शर्यत लावायचा आणि जिंकायचाही. मामा त्या रुळांवर हातोडा घेऊन फिरायचे, आणि उरलेल्या वेळात तीन एकर धान बघायचे. मामी अंगणवाडीची बाई होती. त्यांना मूल नव्हतं. चामोर्शीकडच्या आमच्या खेड्यातून आईनं मला पाचवीनंतर त्यांच्याकडे शिकायला पाठवलं आणि मी त्यांचीच झाले. पुढे चंद्रपूरला कॉलेजात बी.एस्सी.ला गेले, होस्टेलवर राहिले. आमच्या घराण्यात विज्ञान शिकणारी मी पहिली. मामा स्टेशनवर सगळ्यांना सांगायचे, "आमची सुजाता सायन्सले आहे." हे ते अशा आवाजात सांगायचे की जणू रॉकेट मीच सोडते आहे.

मलाही तसंच वाटायचं. हे इथेच कबूल करते, कारण सगळं इथूनच सुरू होतं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मामीचं पोट फुगायला लागलं. आधी गॅस म्हटलं, मग नजर म्हटलं. शेवटी मामांनी रेल्वेचा पास काढला आणि तिला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं, एकूण सहा वेळा. मामी त्याला 'सुया' म्हणायची. त्या सुयांनी तिची काय दशा व्हायची ते मी पाहिलंय. चार-चार दिवस पाणीसुद्धा पोटात ठरत नसे. डोक्यावर एक केस राहिला नाही.

आणि तरी — ऐका — पहिल्यांदा टक्कल पडल्यावर ती अंगणवाडीत गेली तेव्हा पोरं घाबरली. मामीनं पिवळं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, मांडी घातली, डोळे मिटले आणि म्हणाली, "या पोट्टेहो, भंतेजी आले, त्रिशरण म्हना." पोरांनी हात जोडून खरंच म्हटलं! मग महिनाभर गल्लीतली पोरं तिला भंतेजीच म्हणायची. आमच्या विहारातले खरे भंतेजी आले तेव्हा त्यांनाही ही बातमी कळली, आणि तेसुद्धा पोट धरून हसले.

अशा बाईशी मी काय केलं, ते सांगायचं आहे.

त्या काळी एक नवी रक्ततपासणी निघाली होती. नाव सीए एकशे पंचवीस. नागपुरातही ती होत नव्हती, रक्त मुंबईला जायचं आणि पंधरा-वीस दिवसांनी कागद यायचा. डॉक्टरीणबाई मोठ्या कडक होत्या, पण त्यांनी समजावून सांगितलं होतं — या रोगाच्या गाठी रक्तात एक पदार्थ सोडतात, तो किती आहे ते मोजायचं. ऑपरेशनच्या आधी मामीचा आकडा सहाशे चाळीस होता. तीन सुया झाल्यावर पुन्हा रक्त पाठवलं. बाई म्हणाल्या, रिपोर्टची एक प्रत तुमच्या घरी येईल, ती घेऊन लगेच या, पुढचं औषध तेच ठेवायचं की बदलायचं ते ठरवू. मामीनं विचारलं, "आकडा उतरला त सुया बंद होतीन का?" बाई म्हणाल्या, "बघू." मामीनं त्या 'बघू'चं गाडीत बसेपर्यंत वचन करून टाकलं होतं.

कागद आला तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत नागभीडला होते. पोस्टमननं पाकीट मामांच्या हातात दिलं, मामांनी ते न फोडता माझ्या हातात दिलं. इंग्रजी होतं ना. शेजारची चार माणसं ओसरीवर आली. मामी शेवग्याची पानं निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

कार्बनची पुसट प्रत होती. मामीचं नाव, तपासणीचं नाव, आणि टंकलेला आकडा — शहाण्णव.

मला काय कळलं असेल त्यातलं? काही नाही. ही तपासणी आमच्या पुस्तकात नव्हती, आमच्या सरांच्या पुस्तकातही नसावी. पण पाच-सहा चेहरे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नावातच एकशे पंचवीस आहे! म्हणजे एकशे पंचवीस ही हद्द. त्याच्या वर रोग, त्याच्या आत बरं. किती सोपं!

मी कागद घडी केला आणि जाहीर केलं, "मामी, शहाण्णव. एकशे पंचविसाच्या आत आहे. तू पास झालीस."

काय सांगू त्या दिवसाचं! मामी उठली आणि टकलावरचा पदर भिरकावून ओसरीवर फेर धरून नाचली. शेजारणीला ओढून नाचवलं. "पास झाली बापा मी! सातवीत गणितात नापास झाल्ती, आता पास झाली!" त्याच दुपारी उडदाचे वडे तळले गेले. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातात वडा होता.

एकटे मामा काय ते दारात उभे होते. ते म्हणाले — आणि हे वाक्य नीट ऐका — ते म्हणाले, "तरी येकदा बाईले कागद दाखवून येऊ ना, सुजाता. त्याइनं घेऊन याले सांगतलं होतं. मी परवाचा पास काढतो."

मामीचा चेहरा एकदम उतरला. नागपूर म्हणजे सुई, हे तिच्या डोक्यात बसलेलं. ती सूप उचलून आत गेली.

आणि मी म्हटलं, "मामा, कागदावर लिहून आहे. आता कशाला उगाच तिला दगदग? धान कापायला आलंय, तुम्ही ते बघा."

मामा म्हणाले, "तू शिकलेली आहेस बापा. तुले समजते." आणि विळ्याला धार लावायला गेले.

इथपर्यंत ठीक आहे, नाही का? पोरवय, अर्धवट ज्ञान, थोडी शेखी. इथपर्यंतचं मी कुणालाही सांगू शकले असते, हसत-हसत. पण मी जे लपवलं ते हे नाही.

तिसऱ्या दिवशी मी तो कागद पुन्हा काढला. माझ्या एका मैत्रिणीला दाखवायचा होता — मिरवायचा होता, खरं तर. दारात उन्हात धरला. आणि उन्हात खालची ओळ दिसली. बारीक अक्षरात, कार्बननं जवळजवळ गिळलेली. इंग्रजीत लिहिलं होतं की निरोगी माणसात हा आकडा पस्तीसपर्यंत असतो.

पस्तीस. आणि मामीचा शहाण्णव.

मी ती ओळ वाचली. एकदा नाही, चार वेळा. मग मी कागदाची पुन्हा घडी केली आणि माझ्या वहीत ठेवून दिला. मैत्रिणीकडे गेलेच नाही.

का? मी स्वतःला सांगितलं, ती छापील ओळ असेल, सगळ्यांच्या कागदावर असते, मुंबईच्या मशीनचं काहीतरी असेल. सांगितलं, सहाशे चाळीसचे शहाण्णव झाले, पुढे आपोआप पस्तीस होतीलच. पण हे सगळं नंतर जुळवलेलं. त्या क्षणी मनात एकच गोष्ट होती — वडे खाऊन झालेत. आता मी कुठल्या तोंडानं सांगू?

सुट्टी संपली, चंद्रपूरला परतले. होस्टेलमधल्या एका मुलीला थंडी-ताप आला म्हणून तिला कॉलेजजवळच्या एका रक्त तपासणाऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांना सगळे हमीदभाई म्हणत. साधी खोली, एक सूक्ष्मदर्शक, भिंतीवर कॅलेंडर. मलेरियाचं रक्त बघण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. मी अगदी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, "भाई, ते सीए एकशे पंचवीस असतं ना, त्यात एकशे पंचविसाच्या आत असलं की चांगलं ना?"

हमीदभाई हसले. "नाई बेटा. ये तो उसका नाम है. हे बघ, माह्या दुकानावर पाटी आहे एकशे बारा. म्हणजे मी एकशे बारा रुपये घेतो का? तो नंबर आहे फक्त. ज्याइनं शोध लावला त्याइच्या यादीत तो एकशे पंचविसावा होता, बस."



मग त्यांनी काच पुसत-पुसत आणखी समजावलं. असा नवा विषय कुणी विचारला की त्यांना आनंद व्हायचा. म्हणाले, एकट्या आकड्यावर कधी जायचं नाही. पाळी असली, पोटात दुसरी काही सूज असली तरी तो वाढू शकतो. कधी रोग असून वाढत नाही. पण ज्या बाईचा आकडा आधीच वाढलेला होता, तिचा मागचा बघायचा, आताचा बघायचा, पुढचा बघायचा. उतरत चालला तर औषध लागू पडतंय. उतरता-उतरता थांबला किंवा फिरला तर डॉक्टरला लगेच कळायला पाहिजे. मी हळूच विचारलं, सहाशेचा शहाण्णव झाला तर? "सहाशेचा शहाण्णव? मस्त उतरून राह्यला! औषध काम करून राह्यलं. अशा वक्ती औषध थांबवाचं नसते, बिलकुल नाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणाचा आहे? घरच्याचा?"

"नाही," मी म्हटलं. "पुस्तकात वाचलं."

बघा. त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. तिथे खरं बोलायला काय लागणार होतं?

आता मला न कळण्याचं कारणही उरलं नव्हतं. सगळं समजलं होतं, इतकं स्वच्छ की आजही कुणी विचारलं तर मी हमीदभाईंच्याच शब्दांत सांगते. त्या शनिवारी मी नागभीडला गेले ते सांगायचंच ठरवून. तीन तासांच्या गाडीत वाक्य पाठ केलं. घरी पोचले तर मामीच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस आलेले. तिनं माझा हात धरून डोक्यावर फिरवला. "पाह्य, पाह्य कसे मऊ लागते! कोंबडीच्या पिलासारखे." गालावर लाली आलेली. दोन वेळा जेवत होती. मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला, जाऊन आली होती, तिथल्या पाळण्यात बसून आली होती — चाळिशी उलटलेली बाई! आणि मामा खळ्यावर धानाचे भारे रचत होते, शीळ घालत.

मी सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारीही नाही. त्याच्या पुढच्याला तर गेलेच नाही, प्रॅक्टिकल आहे म्हणून पत्र टाकलं. प्रॅक्टिकल नव्हतं. असे एकूण सात आठवडे. मी मोजले आहेत.

मग नागपूरहून कार्ड आलं. इंग्रजीत दोन ओळी — पेशंट अजून का आणलं नाही, ताबडतोब आणा. मी घरी होते, मीच वाचलं. मामीनं विचारलं, "काऊन? पास झाली होती ना मी?" आणि मी म्हटलं, "हो गं, नेहमीचंच आहे, सगळ्यांना बोलावतात." तीही एक थापच. पण निदान नागपूरला गेलो, तिघंही.

पुन्हा रक्त गेलं मुंबईला, पण बाई कागदासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी पोट तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मामीला नर्सबरोबर आत पाठवलं आणि मामांवर तुटून पडल्या. अशा तुटून पडल्या की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. औषध अर्ध्यावर सोडायचं कुणी सांगितलं? सात आठवडे झोपला होतात का? रिपोर्ट आला तेव्हाच यायला सांगितलं होतं ना?

मामा माझ्या डावीकडे उभे होते. टोपी हातात घेतलेली. माझ्या वहीत तो कागद होता, ती वही माझ्या छातीशी होती. मी तोंड उघडणारच होते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मी उघडणार नव्हते.

मामा म्हणाले, "माहीच चूक आहे, बाई. धान कापाचं होतं. मनलं, थोडं सवडीनं येऊ."

"धान!" बाई म्हणाल्या. "बायकोपेक्षा धान मोठं?"

मामांनी मान खाली घातली. व्हरांड्यात एक म्हातारी पदराआडून 'अरे अरे' करत होती, मामांकडे बघून.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नको. इंग्रजी कठीण असते. चुकते मानूस." आणि मग, "मामीले सांगजो नको. तुया शिकन्यावरचा तिचा भरोसा मोडन."

तुम्हाला कळतंय का? त्यांना वाटत होतं, मी चुकीचं वाचलं. एवढंच. त्या चुकीसाठी ते माझ्यापुढे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मी बरोबर वाचलं होतं, आणि त्यानंतरचे सगळे दिवस मी माहीत असून गप्प होते, हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते रागावले असते. बहुतेक रागावलेही नसते. मी म्हटलं, "बरं, मामा."

कागद आला. आकडा दोनशे दहावर चढला होता.

आता चांगलं सांगते, कारण चांगलंच झालं. सुया पुन्हा सुरू झाल्या. पहिल्यापासून मोजल्या तर सहाच्या जागी नऊ झाल्या. त्या तीन जास्तीच्या का झाल्या, सात आठवड्यांमुळेच का, हे मी बाईंना कधी विचारलं नाही. केस पुन्हा गेले, भंतेजी पुन्हा अंगणवाडीत अवतरले. आकडा दोनशे दहाचा साठ झाला, मग बावीस, मग चौदा. या वेळी प्रत्येक कागद मी आधी खालून वाचला. चौदा आला तेव्हा डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, आता फक्त नजर ठेवायची, येत राहायचं. मामी येत राहिली. पाच वर्षं, दहा वर्षं, वीस वर्षं. अंगणवाडीतली तिची पोरं आईबाप झाली, त्यांची पोरं अंगणवाडीत आली. माझ्या लग्नात तिचे केस कमरेपर्यंत होते आणि ती वरातीपुढे नाचत होती. सत्तरी पार करून ती गेली, तीही त्या रोगानं नाही. झोपेत गेली, पहाटे चहा मागायच्या आधी.

मग दुखतं कुठे?

दुखतं ते हे. त्या दिवशी व्हरांड्यात एक नर्स होती, तिनं आतमध्ये मामीला सांगितलं — तुमचे मिस्टर धानासाठी थांबले म्हणे. तेव्हापासून ती आमच्या घरची ठरलेली गंमत झाली. मामी मनानं निर्मळ होती, तिनं ते कधी विषासारखं काढलं नाही. पण काढलं. भाजीत मीठ कमी पडलं आणि मामा बोलले, की ती म्हणायची, "तुमी बोलू नोका, धानासाठी बायको मारत होते." पाहुणे आले की सांगायची. माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत सांगितलं. लेक लहान होती, तीही शिकली. "आजोबांना धान आवडतं, आजी नाही," असं बोबडं बोलायची आणि सगळे टाळ्या पिटायचे. मामाही हसायचे. हसून झालं की उठून अंगणात जायचे, गाईला पाणी दाखवायला. गाईला तहान लागलेली नसायची.

रागाच्या भरात मामीचा भाऊ एकदा त्यांना तोंडावर म्हणाला होता, तुमच्यासारखा कंजूस माणूस पाहिला नाही. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दोघांपैकी मामा आधी गेले. शेवटचे आठ दिवस मी त्यांच्या उशाशी होते. खोलीत दुपारी आम्ही दोघंच असायचो. ते शुद्धीवर होते, बोलत होते. रुळांच्या गोष्टी सांगत होते. आठ दुपारी. मी त्यांना मोसंबी सोलून दिली.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं आठवणी सांगत बसली. गँगमधले म्हातारे सोबती होते, अंगणवाडीची मोठी झालेली पोरं होती. मामी रडून-रडून थकली होती, आणि मग तिच्या स्वभावाप्रमाणे तिला हसावंसं वाटलं. डोळे पुसत ती म्हणाली, "मानूस लाखाचा होता. पन धानापायी मले विसरला होता बरं का येकदा." आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली — वडे, बाईंचा राग, हातातली टोपी, सगळं. काय रंगवून सांगायची ती! माणसं हसायला लागली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

सांगता-सांगता ती माझ्याकडे वळली. "हे होती ना तिथी. इचारा तिले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "बाई फार रागावल्या होत्या मामांवर." आणि ट्रे घेऊन आत आले, एकेकाला चहा दिला, आणि सगळ्यांबरोबर हसले.